आईनं मला पायरीवर बसवलं

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सकाळी उठल्यावर माझं तोंड सुजलेलं दिसू लागलं, तेव्हा शेजारच्या बायकांनी कौतुकच केलं. सासरचं अन्न पोरीला मानवलं, म्हणाल्या. एकीनं तर माझ्या सासूला बाजूला घेऊन, काही गोड बातमी आहे का, असंही विचारलं. तसं काही नव्हतं. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या भरल्यासारख्या व्हायच्या. दुपारपर्यंत त्या उतरायच्या आणि संध्याकाळी पावलं जड व्हायची. हातातला चुडा मनगटात रुतू लागला होता. लघवीला गेलं की फेस यायचा आणि तो बराच वेळ विरायचा नाही. ही गोष्ट सांगायची कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? त्या काळी नव्या सुनेनं असलं काही बोलायची रीत नव्हती. मी गप्प राहिले आणि मनातल्या मनात कार्ल्याच्या एकवीरा आईला म्हणत राहिले, तूच काय ते बघ.

आज जुईनगरचं स्टेशन आहे त्याच्या आसपास आमचं गाव. तेव्हा स्टेशन नव्हतं, खाडीवर वाशीचा पूल नव्हता, नवी मुंबई हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे मिठागरं. माझ्या यजमानांची शिडाची होडी होती. आगरातलं मीठ भरून ते मुंबईला नेऊन टाकत. सासरे लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव ‘बय’ म्हणे, मीही तसंच म्हणू लागले. बय तोंडानं फटकळ होती. कामात कुणाला हार जायची नाही. माझ्यासारखी, मास्तरांच्या घरात सातवीपर्यंत शिकलेली, जरा गप्पच असलेली सून तिला सुरुवातीला फारशी पसंत नव्हती असं मला वाटे.

माझी स्वतःची आई मी फार लहान असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. मी रडू लागले की वडील म्हणायचे, ‘अगं, तुझी आई कार्ल्याच्या डोंगरावर आहे. मोठी झालीस की जाशील तिच्याकडे.’ समजूत घालायला बोललेलं वाक्य, पण मी ते खरं धरून बसले. आमच्याकडे दर चैत्रात आगरी-कोळ्यांचे तांडे ढोल वाजवत कार्ल्याला जात, आणि मी दारात उभी राहून बघत असे. वडिलांना कधी जमलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मला पहिला आनंद कसला झाला असेल, तर सासरची कुलदेवी तीच आहे, आता आपल्याला जायला मिळेल, याचा. पहिल्या वर्षी सासरकडच्या सुतकामुळे जाणं हुकलं. दुसऱ्या वर्षी मात्र बयनं आधीपासूनच तयारी केली. हिरवं लुगडं, नारळ, ओटीचं सगळं सामान टोपलीत बांधून ठेवलं. मी सुजलेल्या पायांनी हसत हसत बैलगाडीत चढले. वर पोचले की सगळं बरं होणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

पनवेलपर्यंत गाडी, तिथून एसटीनं घाट चढून लोणावळ्याच्या पुढे, आणि मग डोंगर. तेव्हा पायऱ्या ओबडधोबड होत्या. यजमान ढोलवाल्यांबरोबर पुढे गेले. बय माझ्याबरोबर होती. थोडं चढले आणि छातीत श्वास मावेना. कानात घुमू लागलं. थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. वरून ढोलाचा आवाज येत होता, गुलाल उडताना दिसत होता, आणि माझे पाय म्हणजे ओल्या मातीचे गोळे झाले होते. शेवटी एका झाडाखाली, पायरीच्या कडेला मी बसलेच.

बयनं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तू हितंच बस गो,’ ती म्हणाली. ‘मी ओटी भरून येतंय. आईला सांगतंय, पोर दाराशी येऊन बसलीय.’

ती टोपली घेऊन वर गेली. मी तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत राहिले. आयुष्यभर जिच्याकडे जायचं म्हणून जगले तिच्या दाराशी येऊन मला बसून राहावं लागावं, याचं असं दुःख झालं की मी पदर तोंडात धरून रडले. माणसं येत होती, जात होती. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

तेवढ्यात वरून उतरणारी एक बाई माझ्याशेजारी येऊन टेकली. पांढरं सुती लुगडं, करडे केस, हातात काळी छत्री. बोलणं पुण्याकडचं. ‘दम लागला?’ तिनं विचारलं. मी मान हलवली. ती माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘पाय बघू तुझा.’ मी संकोचून पाय आत घेतला, तर तिनं सरळ माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत होतो आणि तो भरून येत नव्हता.

‘सकाळी तोंड सुजतं?’

‘हो.’

‘लघवीला फेस येतो?’

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतके महिने ज्या गोष्टीचा उच्चार मी स्वतःशीसुद्धा केला नव्हता, ती एका परक्या बाईनं डोंगराच्या पायरीवर बसून विचारली होती. मला पुन्हा रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, ‘मी पुष्कळ वर्षं दवाखान्यात नर्स होते. हे असं मी पाहिलंय. आता वर चढू नकोस.’

‘पण मी आईला भेटायला आलेय.’

‘ठाऊक आहे गं. पण तुला दमवून, छाती फोडून वर बोलवावं, इतकी का ती निर्दय आहे? बस इथे.’

बय परत येईपर्यंत ती थांबली. बय आली, कपाळभर कुंकू, चेहरा उजळलेला. त्या बाईनं उठून तिला नमस्कार केला आणि सांगितलं, ‘तुमच्या सुनेच्या अंगावर बाळसं आलेलं नाही, ही सूज आहे. मूत्रपिंडांचा विकार असावा. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या आणि लघवी तपासून घ्या. उशीर करू नका.’

बयचा चेहरा उतरला, मग तापला. ‘आईच्या डोंगरावर येऊन असलं अभद्र बोलतात काय?’

‘मग कुठे बोलू, बाई?’ ती शांतपणे म्हणाली. ‘तुम्ही मला इथेच भेटलात.’

तिनं आपल्या पुडीतलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं, छत्री उघडली आणि उतरून गेली. आम्ही तिचं नावही विचारलं नाही. पुढे ही गोष्ट ऐकून कितीतरी जण म्हणाले, ती आईच होती. मी त्यावर काही बोलत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि छत्रीची एक काडी मोडलेली होती, एवढं मला आठवतं. त्या वेळी मात्र मला तिचा रागच आला होता. मी दर्शन मागितलं होतं, आणि मिळालं काय, तर माघारी फिरण्याचा हुकूम.

 घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बयनं मला अंगणात बसवलं, माझ्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबला, आणि पडलेल्या खळग्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन यजमानांना म्हणाली, ‘होरी काढ. हिला ममईला न्यायची हाय.’

होडीनं खाडी ओलांडून ट्रॉम्ब्याला, तिथून पुढे मोटारीनं, असं आम्ही एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत माझी लघवी घेतली आणि दिव्याच्या ज्योतीवर धरली. वरचं पाणी तापलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं. त्यात त्यांनी आंबट वासाचे काही थेंब टाकले, तरी ते पांढरंच राहिलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तो वाढलेला होता. मग रक्त काढलं. डॉक्टर वयानं फार नव्हते, पण बोलायला सावकाश होते. ‘रक्त गाळणारी दोन गाळणी आपल्या पाठीत असतात,’ त्यांनी यजमानांना समजावलं. ‘यांची ती खराब झालीत. अंगात राहायला हवं ते बाहेर जातंय, आणि बाहेर जायला हवं ते आत साठतंय. लहानपणी कधी घसा सुजून, ताप येऊन, अंग सुजलं होतं का?’ मला वडिलांचं सांगणं आठवलं, आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात असंच झालं होतं. वडिलांनी काढे दिले होते, मी बरी झाले होते.

‘औषधानं बरं होईल ना?’ यजमानांनी विचारलं.

‘झीज भरून येईल असं औषध आज आमच्याकडे नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण जे शिल्लक आहे ते जपता येईल. नीट जपलंत तर पुष्कळ वर्षं.’

मला काही आठवडे तिथे ठेवून घेतलं. सूज उतरली. रक्तदाबासाठी सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी जाताना डॉक्टरांनी नियम सांगितले. मीठ नाही. सुकी मासळी, लोणचं, पापड नाही. डाळ आणि ताजी मासळी अगदी थोडी. भात चालेल, भाज्या चालतील. पाणी ते सांगतील तेवढंच. घसा दुखला तरी ताबडतोब यायचं. आणि मग त्यांनी मान खाली घालून शेवटचं सांगितलं, की मुलाचा विचार मनातून काढून टाकावा, तो भार या शरीराला पेलणार नाही. यजमान खिडकीबाहेर बघत होते. परतीच्या होडीत मी पाण्याकडे बघत बसले होते, आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आईकडे गेले होते आणि आई होणंच काढून घेतलं.

मिठागरांच्या गावात अळणी जेवणं कसं असतं, ते सांगून कळणार नाही. दुपारी घराघरांतून बोंबील भाजल्याचा वास यायचा आणि मी पदर नाकाला लावून बसायची. बयनं पहिल्यांदा अळणी भात वाढला तेव्हा मला घास उतरेना. ती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं भातावर कैरी किसून घातली. तिसऱ्या वेळी लसूण तेलात लाल करून ओतला, कधी आमसूल, कधी चिंचेचा कोळ, कधी हिरवी मिरची ठेचून. मीठ सोडून जे जे जिभेला जागं करील ते ते तिनं करून पाहिलं. माझ्यावर माया करते आहे असं तिनं तोंडानं कधी कबूल केलं नाही. ‘खा गो, नायतर तुझा बापूस बोलल, पोरीला उपाशी मारली,’ एवढंच म्हणायची.

पण सगळ्यात नवल मला त्या काचेच्या नळीचं. डॉक्टरांनी एक नळी आणि आंबट पाण्याची बाटली घरी दिली होती, आणि आठवड्यातून एकदा सकाळची पहिली लघवी तापवून बघायला शिकवलं होतं. लाजेनं माझा जीव जाई. बय म्हणाली, ‘दे हिकडं. पोरांचे लंगोट धुतलेत मी, मना कसली घान?’ चुलीपुढे बसून, चिमट्यात नळी धरून ती ज्योतीवर अशी फिरवायची की काच तडकायची नाही. मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नळीतली सफेदी ती बरोबर ओळखू लागली. ‘आज दह्यावानी हाय. निजून राहा, उठू नको.’ ‘आज नुसतं धुकं हाय.’ आणि धुकं असलं की नळी धुऊन, हात धुऊन, आधी देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची.

दोन-तीन वर्षांनी नात्यातल्या बायका घरी येऊन बयला सुचवू लागल्या, मुलाचं दुसरं लग्न करून टाक, वंश कसा चालायचा. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. यजमान ओटीवर होते, ते उठून खाडीकडे निघून गेले. बय म्हणाली, ‘येक सून नली धरून सांबाळतंय मी. दुसरी आनली तर तिची नली कोन धरल, तू?’ त्या बायका हसल्या आणि विषय बदलला. मी मात्र हसले नाही. त्या दिवसापासून तिला बय म्हणताना माझा आवाज बदलला.

तरी एक गोष्ट जात नव्हती. चैत्र लागला की माझा जीव थाऱ्यावर नसे. ढोल वाजू लागत, माणसं नवी लुगडी नेसून गाड्यांत बसत, आणि मी बांधावर उभी राहून बघत असे. लहानपणी जशी दारात उभी राहायची तशीच, फक्त आता वेणीऐवजी अंबाडा होता. गाड्या पनवेलच्या वाटेला लागत. ढोल बारीक होत होत ऐकू येईनासा होई, तरी मी तिथेच. डॉक्टरांना दरवर्षी विचारायची, ते दरवर्षी ‘अजून नाही’ म्हणायचे. घरी येऊन मी देव्हाऱ्यातल्या आईच्या टाकाशी भांडायची. काय चुकलं माझं, की सगळ्यांना बोलावतेस आणि मला नाही? जन्मदात्या आईचा चेहरा मला दाखवला नाहीस, तुझा तरी दाखव. कधी कधी वाटे, ही ओढच काढून घे, म्हणजे सुटेन. आजारापेक्षा तिचाच त्रास जास्त होता.

मग एका हिवाळ्यात घसा धरला. ताप साधाच होता, दोन दिवसांत उतरला, म्हणून मी कुणाला बोलले नाही. सूजही नव्हती. पण बयनं नळी तापवली आणि तिचा हात थांबला. ‘घट्ट झालंय,’ ती म्हणाली. ‘पार दगडावानी.’ आणि रंग चहासारखा तांबूस. यजमान लगेच निघायच्या तयारीला लागले. तोवर मला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली.

मला दोघांनी धरून धक्क्यावर आणलं, तर खाडीला पूर्ण ओहोटी. पाणी लांब मागे गेलेलं, होडी गाळात आडवी, आणि पुढे नुसता काळा चिखल. यजमान वेड्यासारखे झाले. ‘हिला खांद्यावर घेऊन गाळातून नेतंय,’ म्हणाले. एक म्हातारा नावाडी तिथे जाळं सुकवत होता, त्यानं त्यांचा दंड धरला. ‘कमरेइतका गाल हाय. दोघंबी जाशील. भरती लागली हाय, पानी येल. बस.’

त्या धक्क्यावर आम्ही बसलो. माझं डोकं बयच्या मांडीवर होतं. वेळ किती गेला कुणास ठाऊक. यजमान सारखे उठून पाण्याकडे बघायचे, पाणी तिथेच. मी मनात आईला हाका मारत होते, लवकर, लवकर. मग मला बयचा आवाज ऐकू आला. ती प्रार्थना करत नव्हती, कुणाशी तरी बोलावं तशी बोलत होती. ‘आई, मी हिला हितवर आनली. नली बघितली, होरी काढली, माझ्याकडचं सगलं झालं. आता पानी तुझं, पोर पन तुझी.’ एवढं बोलून ती माझ्या कपाळावर हात ठेवून बसली. त्या हातात घाई नव्हती. मी आयुष्यात आईकडे पुष्कळ काही मागितलं होतं, पण असं कधी तिच्या हवाली केलं नव्हतं. माझाही ‘लवकर, लवकर’चा धोशा आपोआप थांबला. आकाश बघत पडून राहिले. भीती होती, पण ती माझी एकटीची राहिली नव्हती.

पाणी आपल्या वेळेनं आलं. आधी गाळावर चकाकी दिसली, मग होडी जरा हलली, मग सरळ झाली. आम्ही इस्पितळात पोचलो. डॉक्टर तेच होते, आता कानशिलं थोडी पिकलेली. पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, पाणी तोलून मापून, फळांच्या रसावर आणि साखरभातावर कितीतरी दिवस काढले. बरी झाल्यावर डॉक्टर बयला म्हणाले, ‘आजी, सूज येईपर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं.’ बयनं हात जोडले, पण त्यांच्याकडे बघून नव्हे, छताकडे बघून. डॉक्टर हसले.

त्यानंतरची वर्षं संथ गेली. नळीत धुकं असे, कधी तेही नसे. रक्तदाब गोळीनं ताब्यात राहिला. आणि मी तिशी ओलांडल्यावर एका तपासणीत, मी विचारलंही नसताना, डॉक्टर म्हणाले, ‘तुमचा तो डोंगर चढायचा असेल तर चढा आता. सावकाश. उपास करायचा नाही, उन्हाआधी वर पोचायचं, दम लागला की बसायचं.’  घरी येऊन मी बयला सांगितलं. तोवर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, गुडघे गेले होते. नळी आता मीच बघत असे. ‘जा गो बाय,’ ती म्हणाली. ‘मी नाय आता चढनार. तू जा, आनि डोलं भरून बघून ये.’

चैत्रात यजमानांबरोबर गेले. सावकाश चढले, बसत उठत. वर पोचले तेव्हा दाराशी ही गर्दी. ढोल, गुलाल, माणसांचे लोट. यजमानांनी हातांनी कडं करून मला पुढे ढकललं. गाभाऱ्याच्या आत आले, आणि इतक्या वर्षांचं रडू एकदम वर आलं. डोळे पाण्यानं भरून गेले. समोर काहीतरी शेंदरी, काहीतरी चमकतं, दिव्याचा उजेड फुटून सगळीकडे पसरलेला. पुसायला पदर उचलते तोच मागून लोंढा आला, कुणीतरी ‘चला, चला’ म्हणालं, आणि मी बाहेर होते.

झालं. एवढंच. पुन्हा आत जायला वाट नव्हती आणि माझ्यात त्राणही नव्हतं. यजमानांनी विचारलं, ‘झालं ना मनासारखं?’ मी मान हलवली. उतरताना मन अगदी रितं होतं. आनंद नव्हता, दुःखही धड नव्हतं. जन्मभर ज्या भेटीसाठी झुरले, ती झाली, आणि मला तिचा चेहराही दिसला नव्हता.

घरी पोचले तर बय ओटीवर बसून होती. पावलं ऐकूनच तिनं हात पुढे केले, मला जवळ ओढलं, माझं कपाळ चाचपलं. ‘दिसली?’ तिनं विचारलं. ‘कशी दिसते गो आता? मना तर किती वरसं झाली. सांग मना.’

तिचे ते धुकट डोळे माझ्याकडे लागले होते. काय सांगणार होते? दिसली नाही म्हणून? मी तिच्यापुढे बसले आणि बोलू लागले. ‘हिरवं लुगडं होतं, बय. जरीकाठी.’ ‘हां,’ ती म्हणाली. ‘नाकात मोठी नथ. कपाळाला मळवट.’ ‘आनि डोलं?’ ‘डोळे मोठे. असे उघडे, की आपण यायच्या आधीपासून वाटेकडे बघतेय असं वाटावं.’ ‘अस्संच,’ बय म्हणाली, आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळू लागलं. ‘अस्संच बघते ती. रागावली होती काय?’ ‘नाही. दमल्यासारखी वाटली जरा. खूप वेळ कुणाची तरी वाट बघत बसलं की आपण दमतो तशी.’ मी हे कुठून बोलत होते मला ठाऊक नाही. रचून सांगत होते म्हणावं, तर शब्द शोधावे लागत नव्हते. एकेक सांगत गेले आणि एकेक समोर येत गेलं. तो शेंदरी रंग, ती नथ, ते डोळे. त्या डोळ्यांना मी इतकी वर्षं बांधावर उभी असलेली दिसत होते. सगळं दिसत होतं त्यांना.  मी बयच्या मांडीवर डोकं ठेवलं.

‘दिसली गो,’ बय हळूच म्हणाली. ‘मना पन दिसली.’

बय पुढच्याच वर्षी गेली, शांतपणे, माझा हात हातात असताना. यजमान गेले त्यालाही आता काळ लोटला. मिठागरांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि जिथे होडी भरतीची वाट बघायची तिथून आता गाड्या धडधडत जातात. माझी मूत्रपिंडं अजून चालताहेत, रडतखडत का होईना. डॉक्टर बदलले, तपासण्या बदलल्या, भात मात्र अजून अळणीच. त्या पायरीवर मला बसवलं नसतं तर मी कदाचित दर्शन घेऊन आले असते आणि वर्षाच्या आत मेले असते, हे मला आता समजतं. पण कृतज्ञता वाटते ती केवळ जगले म्हणून नाही. जिच्या हातांनी मला जगवलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवायला मिळालं, म्हणून.

त्यानंतर डोंगर चढण्याचा योग पुन्हा आला नाही. तरी चैत्र लागला, की जीव तिकडे ओढ घेतोच. पूर्वी मी त्या ओढीला हात जोडून म्हणत असे, बाई, मला सोड. आता ती आली की म्हणते, ये, बस.